रंगूनला जाणारं पथक

बाबा निघायच्या आदल्या दिवशीही घरात नेहमीसारखीच थट्टा चालली होती. ब्रह्मदेशात भूकंप झाला होता, मदतीला गोंदियातून पथक जाणार होतं. बाबांना ना औषधपाणी येत होतं, ना स्वयंपाक. तरी पथकाचे प्रमुख पंडितजी यांनी त्यांना घेतलं.

“घरी लोटाभर पानी हातानं घेत नाही, अन् रंगूनले कायले जाऊन राहिले?” आई म्हणाली.

“पडल्या घराची माती उचलाले का डॉक्टर लागते?”

“मंग तुमच्यासारखा दुसरा नाही भेटनार त्यायले!”

सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसले. मी मात्र हातातल्या पुस्तकाचं पान उलटायचं विसरले होते.

तिकडेच पटकीच्या साथीत बाबा गेले. पथक तिकडेच ठेवून पंडितजी तेरवीला आले. बाबांना मुलगा नाही, म्हणून वारसाचं पागोटं माझा चुलतभाऊ शालीकराम याला बांधायचं ठरलं.

“बेटी, तुझे कुछ चाहिए तो बोल,” पंडितजी म्हणाले.

बाबा निघाले तेव्हा ओठांवरच राहिलेलं मी आता सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं बोलले.



“पागोटं शालीकदादालेच बांधा. पन पंडितजी, पथकातली बाबाची जागा मले द्या. मलेबी काही येत नाही.”