लोंबती तार

“अर्ध्यावर! नऊ व्होल्टची बॅटरी, तर ट्रान्झिस्टर साडेचारवर बसवायचा! किती वर्षं कानीकपाळी ओरडलो!”

सोरोनबाय म्हाताऱ्याने मीटर पाहून कपाळावर हात मारला. काटा दीडवर होता.

समोर आयझिरेक बसली होती. माइकचा आवाज वाढवणारा तो डबा तिच्या नवऱ्याने, कुबातने, बनवला होता. कुबात म्हाताऱ्याचा लाडका शिष्य. नारीन शहरातल्या याच दुरुस्तीच्या दुकानात शिकला आणि लग्नानंतर खिंडीपलीकडच्या गावी गेला. महिन्यापूर्वी वारला. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तिला त्याच्यासाठी विलाप गायचा होता, अंगणभर ऐकू जावा असा. पण गळा काढला की डबा खरखरायचा.

“मोठा आवाज यात कापला जातो, सूनबाई. फक्त कुजबुज मोठी होते. काय जाळायचाय असला डबा? आणि ही तार कशाला सोडलीय लोंबती?”

म्हाताऱ्याने चुकीचा रेझिस्टर कटकन तोडला. खरा राग वेगळाच होता. वर्षभर कुबात फिरकला नव्हता. त्या रुसव्यापायी म्हातारा त्याच्या मातीलाही गेला नाही.

“साधा फोनसुद्धा केला नाही पठ्ठ्याने.”

“केले की, आगाय.” नवऱ्यासारखीच तीही त्याला आगाय, म्हणजे मास्तर, म्हणायची. “पुष्कळदा केले. घशाच्या दुखण्यात आवाज गेला होता. नुसतं कुजबुजायचे. मी सांगते म्हटलं तर ऐकेनात. म्हणे, आगायशी मीच बोलणार.”

म्हाताऱ्याचा हात थांबला. हिवाळाभर दुकानातला फोन वाजायचा. पलीकडून नुसता श्वास यायचा. ‘कोण रे टवाळ तू?’ म्हणून तो शिवी हासडायचा आणि फोन आपटायचा.

तो खाली वाकला. तोडलेला रेझिस्टर शोधून त्याने पुन्हा जागेवर डाग दिला. दोनदा चुकला.

“बरोबर केलं होतं त्याने,” तो म्हणाला. “तुझ्या गाण्याला दुसरा डबा देतो. याला कुणी हात लावायचा नाही.”

आयझिरेकने डबा मांडीवर घेतला.

“अर्ध्यावर नाही म्हणून तुम्ही ओरडाल, असं म्हणून हसायचे. आठवडाभर खपले यावर. पुरा झाला त्याच दिवशी गेले.” तिने ती लोंबती तार बोटाला गुंडाळली. “ही फोनला जोडायची तेवढी राहिली, आगाय.”