दुसऱ्या रांगेतला तराफा

चाचणीच्या तळ्यातल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सात पूर्णांक दोन. काल संध्याकाळी माख्टेल्डने स्वतः आम्ल घालून तो पावणेसहावर आणला होता. रात्रीत तो असा वर चढायची ही सलग नववी सकाळ.

"अजून दोन कॅन ओत," रूलोफ म्हणाला. काचघराचा व्यवस्थापक, वयाने तिच्या मुलाएवढा.

"ओतून काय? लिंबाचं आम्ल म्हणजे जंतूंना मेजवानी. रात्रभरात फस्त करतात, सकाळी सामू परत वर. मुळांवर तपकिरी बुळबुळ धरते. पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, पानं पिवळी पडतात."

"लेबलवर 'सगळं वनस्पतींपासून' लिहायचंय, माख्टेल्ड."

"लिही की. गवताच्या खताला मी नाही म्हटलं? लेट्यूस त्यावर छान वाढलं. आम्ल तेवढं जुनंच, खनिजाचं, राहू दे."

"मग 'सगळं' कसं होईल?"

"नाही होणार."

रूलोफ हसला. "तुला निवृत्तीची घाई झालीय का? दहाला सुपरमार्केटचे लोक येतायत. ते हो म्हणाले की दुपारीच उरलेल्या अकरा तळ्यांत हेच पाणी सोडायचं. तोवर तू पाणी बघ, बोलायचं मी बघतो."

पाण्यावर तरंगणाऱ्या लेट्यूसच्या तराफ्यांची पुढची रांग रूलोफने कालच शेजारच्या तळ्यातून आणून इथे लावली होती. हिरवीगार, टवटवीत. माख्टेल्डने पलीकडे पाहिलं. अकरा तळी, काठोकाठ लेट्यूस, आणि पाण्याखाली अजून पांढरीशुभ्र मुळं.

पाहुणे बरोबर दहाला आले. तिघं, पांढरे कोट, बुटांवर निळ्या पिशव्या. रूलोफने पुढच्या रांगेतलं एक पान तोडून दिलं. त्यांच्यातल्या बाईंनी ते चावलं, मान डोलावली.

"बाकीची तळीही आजपासूनच," रूलोफ म्हणाला.

माख्टेल्ड काठावर गुडघे टेकून बसली. पुढच्या तराफ्यावरून हात लांबवून तिने दुसऱ्या रांगेतला तराफा ओढला, उचलला आणि पाहुण्यांच्या पायांशी पालथा घातला. तपकिरी मुळांचे झुबके लोंबले. कुजकट वास आला. पान चावणारी बाई चावायची थांबली.

"माख्टेल्ड!" रूलोफ ओरडला.

ती उठली. बुळबुळ मनगटावरून कोपराकडे ओघळत होती. तिने तोच हात पुढे केला. इथे ओळख करून देताना हात देतातच.

"माख्टेल्ड फेरब्रुख. पाणी मी बघते."

हात तिने खाली घेतला नाही.