पुढचं दार

कायद्याने वागणाऱ्याला उशीर होतो, पण त्याची फजिती कधी होत नाही, असं वेल्डरचं ठाम मत होतं. परक्या देशात कायम राहायच्या परवान्यासाठी त्याने रीतसर अर्ज केला, तेव्हा लेक पाळण्यात होती. आता ती फोनवर त्याला गणितं घालायची. परवान्याशिवाय बायको-लेकीला आणता येत नव्हतं. तरी भाजीच्या ट्रकात लपून आलेल्या साडूला तो येताजाता ऐकवायचा, "आपण पुढच्या दाराने आलोय, साडूभाऊ!"

मग सरकारने चोरून आलेल्या सगळ्यांना माफी देऊन कायम करून टाकलं. साडूने लगेच बायकोला बोलावून घेतलं.

"आमची धाकटी बहीण पोचलीसुद्धा तिकडे," वेल्डरची बायको फोनवर म्हणाली. "तुम्ही बसा पुढच्या दारात."

वेल्डर तडक कचेरीत गेला. "मॅडम, माझा अर्ज फाडा. मलाही चोरून आलेला धरा."

"माफीची मुदत संपली," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. "पण तुमचा अर्ज पुढे सरकवता येईल."

"काय करू, सांगा!"



"तुम्ही कायद्याने वागणारे आहात, असं एखाद्या कायम रहिवासी नातेवाइकाकडून लिहून आणा."