सप्ताहाचं तीर्थ

चिंचणीच्या देवळात सात दिवस हरिनामाची वीणा गळ्यातून गळ्यात जात होती, खाली टेकली नव्हती. सभामंडपात जागृतीनं तीर्थाचा थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"माई, हे जीव व्होर्टिसेला. भोवऱ्यावरून नाव पडलंय. भोवरा करून घास ओढतात."

माईआजी हसली. "नामावर नाचतात गो! सात दिवस हेच पितेय, मला काय झालं? काय ना—"

वीणेचा पहारेकरी बदलला, सूर क्षणभर तुटला. थेंबातले भोवरे थबकले. जागृतीनं मान वर केली. माईचं तोंड उघडंच होतं, पापणी हलत नव्हती.

सूर लागला. भोवरे फिरले.

"—य!" माई म्हणाली.

तेवढ्यात काल्याची हंडी फुटली. बुवा प्रेमानं म्हणाले, "सप्ताह पुरा झाला. वीणा खाली ठेवा."