टेकवलेला गाल

शांत स्वयंपाकघरात मोहरी तडतडली आणि केतकी दचकली. गेली तीन वर्षं फोडणी झाल्याचं तिला नुसतं दिसायचं.

सकाळी ती तंबोरा घेऊनच दवाखान्यात गेली होती. कानाच्या मापाने बनवलेल्या नव्या श्रवणयंत्रांतून षड्ज आधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. “पुढच्या वेळी तबलजीही आणा, ताई,” म्हणत डॉक्टरांनी गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली, आणि तिचा हरवलेला सूर परत आला.

स्वयंपाक आटोपून ती रियाजाला बसली. सहा वर्षांची रेवा नेहमीसारखी तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकवून गाऊ लागली. कान मंदावल्यापासून केतकीच असा गाल लावून सूर अंगात उतरवून घ्यायची. लेकीने ती नक्कल उचलली, याचं तिला कौतुकच वाटायचं.

“आता नको गं गाल, राणी. आईला ऐकू येतं. सरळ बसून गा.”

रेवा सरळ बसली. तिचा सूर घसरला, मग थांबलाच. केतकीची बोटं तारांवर फिरतच होती. रेवा त्या बोटांकडे टक लावून बघत राहिली.

“आई, मी गाल काढला की तंबोरा बंद का पडतो?”