माहेरचा मावा

उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दाटली होती. वारा सुटला की हा लोकरी मावा, उसाचा रस शोषणारी कीड, पुंजक्यापुंजक्यांनी सकाळच्या उन्हात तरंगत जाई. सांगलीकडे तो याआधी कुणी पाहिलेला नव्हता. ऊस वाळत चालला होता. आसामहून लग्न होऊन आलेली जोनाकी मात्र हात पसरून, हरवल्यासारखी त्यात उभी राहिली.

"हा माझ्या माहेरचा मावा," ती सासूला म्हणाली.

"मग तिकडं ऊस जगतो कसा गं?"

"याला खाणारी अळी असते तिकडे."

"मग वडलांना विचार की," म्हणत सासूने फोन पुढे केला.

लग्नावरून वडिलांनी दोन वर्षं अबोला धरला होता. तिने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे पाऊस ऐकू येत होता.

मग ते म्हणाले, "अळ्या पोस्टाने जगणार नाहीत. मीच घेऊन येतो."