पाठमोरा वाटा

तलावाच्या पाळीवर मासळीचे वाटे पडले होते आणि उर्वशीच्या छातीत ढोल वाजत होता.

ढोल कशाचा, ते सगळ्या ढिवरवस्तीला ठाऊक. पोरीचा दोन्हीकडे नंबर लागला होता. गडचिरोलीला डॉक्टरकीला आणि नागपुरात फार्मसीला. आज संध्याकाळपर्यंत एकीला हो म्हणायचं, दुसरीवर पाणी सोडायचं. सकाळपासून जाळं ओढताना मासळीपेक्षा हाच विषय जास्त हाती लागला होता.

"फार्मसीच कर व पोरी," शेजारची रुखमाबाई म्हणाली. तिचे दुखरे गुडघे तिला गोळ्यांसाठी सारखे नागभीडपर्यंत फरफटत नेत. "चार वर्साची गोष्ट. मंग गावातच दुकान टाक. डॉक्टर झालेली पोट्टी गावात राह्यते का कधी?"

लोकांनी माना डोलावल्या. पोचूभाऊने तर दुकानाची खोली मनातल्या मनात रंगवूनही टाकली. उर्वशीलाही ते दुकान दिसे, आवडेही. आपलं गाव, आपली माणसं. वाईट काय होतं त्यात?

"बाबा, तुमीच सांगा ना!"

वारलूने हात पुसले. वस्तीचे वाटे आजवर त्यानेच घातले होते. कुणाकडे एक शेपटी कमी गेली नव्हती. "मी काऊन सांगू? मासळीसारखंच करू. फिर पाठमोरी."

रीत साधी होती. वाटे घातले की एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. मग कुरकुर नाही की भांडण नाही. आणि मध्येच वळून पाहिलं, तर सगळ्यांची मासळी घरोघर पोचवायची, हा दंड.

वारलूने दोन सारखे वाटे वेगळे काढले. एकावर पळसाचं पान ठेवलं. "पान म्हंजे डॉक्टरकी. बिनपानाचा वाटा फार्मसीचा. मी बोट ठेवतो. तू माझा म्हन, नाईतर नाई म्हन."

उर्वशी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"हा कोनाचा?"

"मा..." ती म्हणाली आणि अडकली. बोट बिनपानाच्या वाट्यावर असलं तर? गोळ्या देणाऱ्या हातांना तिची ना नव्हती. पण तिला ते दुखणंच हवं होतं. कुठे दुखतं, कशाने दुखतं, कधीपासून दुखतं, हे तिला स्वतःला विचारायचं होतं.

"बोल ना व!" रुखमाबाई ओरडली.

उर्वशी गर्रकन वळली.

"वळली! वळली!" पाळीवर एकच गिल्ला झाला. पोचूभाऊ तर नाचायलाच लागला. "वारलूभाऊची पोट्टी वळली!"

वारलूचं बोट बिनपानाच्या वाट्यावर होतं. उर्वशीने दुसऱ्या वाट्यावरचं पान उचललं, ओलं, खवले चिकटलेलं, आणि मुठीत घट्ट धरलं.

"हा माझा," ती म्हणाली. मग ओरडलीच, "बाबा, हाच माझा!"

हळूहळू वारलूच्या मिशीखाली हसू फुटलं. "आपल्या घरातलं आजवर कोनी वळलं नोतं," तो म्हणाला. "उचल टोपली. दंड म्हंजे दंड."

तिने आधी ओल्या बोटांनी मोबाइलवर डॉक्टरकीला हो म्हणून टाकलं, मग टोपली डोक्यावर घेतली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. टोपलीतली मासळीही तिच्याइतकीच उड्या मारत होती.

पहिलं घर रुखमाबाईचं. ती तणतणत आधीच निघून आली होती आणि दारात बसली होती. तिने एका हाताने आपली मासळी घेतली. दुसऱ्या हाताचं मनगट उलटं करून उर्वशीपुढे धरलं.

"पाह्य नाडी," ती म्हणाली. "तू येईपर्यंत टिकाले पाह्यजे."